जनहित-निवेदन : कृपा, हक्क आणि आज्ञा

१

दूरचित्रवाणीवर जाहिरातींच्या मधल्या फटीत जे जनहित-निवेदन दिसते, त्याला वाङ्मयप्रकार मानावे की नाही, याविषयी मतभेद होणे स्वाभाविक आहे. त्याला लेखक असतो, परंतु त्याचे नाव कोणास ठाऊक नसते. त्याला प्रेक्षक असतो, परंतु तो ते पाहण्यासाठी बसलेला नसतो. आणि रसिकाने डोळे उघडून पाहावे तोवर, तीस सेकंदांत, ते संपूनही जाते. तथापि ज्या रचनेत शब्द, चित्र आणि नाद यांची योजना एका निश्चित परिणामासाठी केलेली असते, तिला समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्यास सबळ कारण नाही. शिवाय या रचनेचे प्रयोजन उपदेश हे आहे, आणि उपदेशाच्या रीतींचा विचार आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वीपासून केलेला आहे.

मम्मटाने काव्यप्रयोजनांची चर्चा करताना उपदेशाचे तीन प्रकार ध्यानात आणून दिले. वेदादी शास्त्रांचा उपदेश प्रभुसंमित, म्हणजे धन्याने आज्ञा करावी तसा. इतिहास-पुराणांचा सुहृत्संमित, म्हणजे मित्राने समजूत घालावी तसा. आणि काव्याचा कान्तासंमित, म्हणजे प्रियेने गोडीने वळवावे तसा. वरवर पाहता जनहित-निवेदनांची वर्गवारी या तिहींत सहज होते. 'अमुक करू नका' असे बजावणारे निवेदन पहिल्या वर्गातले, सल्ला देणारे दुसऱ्यातले आणि डोळ्यांत पाणी आणणारे तिसऱ्यातले.

परंतु ही वर्गवारी एक गोष्ट गृहीत धरते. बोलणाऱ्याला बोलण्याची मुभा आहेच, प्रश्न आहे तो केवळ त्याने कोणत्या सुरात बोलावे एवढाच, असे ती मानते. दूरचित्रवाणीच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. तेथे बोलण्यापूर्वी दारावर थांबावे लागते. ते दार कोणाच्या हाती आहे, ते मेहेरबानीने उघडते, कायद्याने उघडते, की सरकारी हुकमाने उघडते, यावर निवेदनाचा सूर, त्याचा नायक आणि त्याचा आशयही अवलंबून असतो. जनहित-निवेदनाची समीक्षा ही प्रथम त्याच्या दाराची समीक्षा असली पाहिजे, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य सिद्धान्त आहे. त्याच्या कसोटीसाठी अमेरिकेतील स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांचा इतिहास विशेष उपयोगी पडतो; कारण तेथे एकाच विषयावरचे, एकाच प्रकारचे निवेदन काही वर्षे हक्काने आणि नंतर मेहेरबानीने प्रक्षेपित झालेले आढळते.

२

अमेरिकेत दूरचित्रवाणी केंद्रे बहुतांशी खासगी मालकीची आहेत. मात्र ज्या लहरींवरून ती प्रक्षेपण करतात त्या लहरी जनतेच्या मानल्या जातात. १९२७ च्या रेडिओ कायद्याने आणि पुढे १९३४ च्या दळणवळण कायद्याने केंद्राला ठरावीक मुदतीचा परवाना मिळू लागला, तो सार्वजनिक हित, सोय आणि गरज यांची सेवा करण्याच्या अटीवर. १९८१ पर्यंत दूरचित्रवाणी केंद्राला दर तीन वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागे. त्या वेळी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे प्रक्षेपणाचे नियमन करणारा आयोग, केंद्राने जनतेसाठी काय केले याचा हिशेब पाही. या हिशेबात जनहित-निवेदनांची संख्या नोंदली जात असे. सरकारी किंवा ना-नफा संस्थांच्या कार्याचा प्रसार करणारे, समाजाच्या उपयोगाचे आणि ज्यासाठी केंद्राने कोणताही आकार घेतलेला नाही असे निवेदन, ही त्याची मान्य व्याख्या होती.

यातून स्थानिक संस्थेला एक वाट मिळाली. एखादी रक्तपेढी, ग्रंथालय अथवा रुग्णसेवा मंडळ केंद्रातील लोकसेवा-विभागाच्या प्रमुखाकडे अर्ज करी. संस्था ना-नफा असल्याचा पुरावा, दहा, तीस किंवा साठ सेकंदांत नेमका बसणारा मजकूर, स्थानिक संपर्काचा पत्ता, आणि हे सारे अपेक्षित प्रक्षेपणाच्या काही आठवडे आधी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असे. ती पुरी केली म्हणजे निवेदन लागेलच असा भरवसा मात्र नसे. केंद्राने निवेदनांना काही वेळ द्यावा ही अपेक्षा होती. अमक्याचे निवेदन लावलेच पाहिजे असे बंधन नव्हते. निवड केंद्राची, आणि वेळही केंद्राच्या सोयीची. ही सोय बहुधा जाहिरातदाराने न घेतलेल्या वेळेत असे. १९८४ साली आयोगाने दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमविषयक दंडक सैल केले आणि सविस्तर नोंदवह्यांची सक्तीही गेली. त्यानंतर निवेदनामागचा तो सौम्य दाबही ओसरला. २००२ साली कैसर फॅमिली फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, वाहिन्या देणगीदाखल निवेदनांना तासाला सरासरी १५ सेकंद, म्हणजे एकूण प्रक्षेपणाच्या सुमारे ०.४ टक्के वेळ देत होत्या. आणि या निवेदनांपैकी ४३ टक्के मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळेत दाखवली जात होती.

दाराची ही रचना रचनाकाराच्या मनावर नकळत काम करते. ज्याला मागून वेळ मिळवायची आहे तो असे काही लिहीत नाही, की ज्याने देणारा अडचणीत यावा. १९४२ साली स्थापन झालेल्या आणि देशव्यापी निवेदने तयार करणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग कौन्सिलने हे शहाणपण आपल्या निकषांतच नमूद केले: मोहीम पक्षातीत असावी, पंथातीत असावी, कायदे बदलवून घेण्याचा तिचा हेतू नसावा. यातील प्रत्येक अट एकेकटी रास्त वाटते. परंतु त्या एकत्र घेतल्या की जो प्रश्न कायद्याखेरीज सुटण्यासारखा नाही, त्यालाही वैयक्तिक वर्तनाचे रूप द्यावे लागते. कृपेने मिळालेल्या निवेदनाची लक्षणे येथेच ठरतात. त्यात प्रतिपक्ष नसतो. त्यात कर्ता म्हणजे नेहमी एकटा प्रेक्षक असतो. आणि त्याचा शेवट कोणालाही न दुखावणाऱ्या सद्भावनेत होतो.

३

या लक्षणांना छेद देणारी घटना १९६६ च्या अखेरीस न्यूयॉर्क येथे घडली. जॉन बॅन्झाफ या तरुण वकिलाने तेथील डब्ल्यूसीबीएस या केंद्राला पत्र लिहून मागणी केली की, सिगारेटच्या जाहिराती धूम्रपान आकर्षक व सुखावह असल्याचे दाखवितात, तेव्हा त्याला उत्तर देण्यासाठी वेळ मिळावी. केंद्राने ती नाकारली; धूम्रपानाच्या धोक्यांची दखल आपल्या अन्य कार्यक्रमांत घेतलेली आहे, असे त्याचे म्हणणे होते. बॅन्झाफने आयोगाकडे तक्रार केली. सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नावर केंद्राने दोन्ही बाजू मांडाव्यात, असा 'फेअरनेस डॉक्ट्रिन' या नावाने ओळखला जाणारा दंडक आयोगाने १९४९ मध्ये घालून दिला होता. जून १९६७ मध्ये आयोगाने हा दंडक सिगारेटच्या जाहिरातींना लागू केला. समान वेळ देण्याचे बंधन घातले नाही, मात्र लक्षणीय वेळ दिलीच पाहिजे असे ठरविले. तीन जाहिरातींमागे एक निवेदन असे प्रमाण साधारणतः सांगितले जाते. १९६८ साली वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने हा निर्णय कायम केला.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की दार बदलताच भाषा बदलली. १९६८ सालचे विल्यम टॅलमन या नटाचे निवेदन हे त्याचे ठळक उदाहरण होय. 'पेरी मेसन' या लोकप्रिय मालिकेत टॅलमन सरकारी वकिलाची भूमिका करीत असे, आणि मालिकेच्या रचनेनुसार तो जवळजवळ प्रत्येक खटला हरत असे. फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी असताना त्याने अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी हे निवेदन केले. त्यात त्याचे घर व कुटुंब दिसते. न्यायालयातले पराभव आपण मनाला लावून घेतले नाहीत, परंतु सध्या चाललेला सामना हरण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे तो बोलतो. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी त्याचे निधन झाले.

या निवेदनाचे सामर्थ्य केवळ करुणरसात नाही. करुणा कृपेच्या निवेदनांतही विपुल असते. येथील वेगळेपण असे, की बोलणारा ज्या पडद्यावर प्रसिद्ध झाला त्याच पडद्यावरील असत्याला उत्तर देतो. सिगारेटच्या जाहिरातीतला पुरुष धट्टाकट्टा, घोड्यावर बसलेला असे. टॅलमनचा कृश चेहरा त्याच संध्याकाळी, त्याच पेटीत, त्या पुरुषाच्या शेजारी येऊन बसतो. नट हरणारा वकील म्हणून परिचित असल्याने प्रेक्षकाच्या मनात खटल्याची कल्पना आधीच जागी असते, आणि निवेदन तिचा उपयोग करून धूम्रपानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. आरोपी शेजारच्याच जाहिरातीत हजर असतो, हे येथे विसरता कामा नये. एकटे पाहिले तर हे निवेदन शोकात्म वाटते. जाहिरातीसह पाहिले तर तो युक्तिवाद ठरतो.

म्हणूनच मम्मटाची त्रयी येथे अपुरी पडते. धनी, मित्र आणि प्रिया हे तिघेही ऐकणाऱ्याशी बोलतात. प्रतिपक्षाशी कोणी बोलत नाही. हक्काने आलेले निवेदन मात्र ऐकणाऱ्याच्या समक्ष प्रतिपक्षाशी बोलते. त्याला योग्य नाव काव्यशास्त्रात नव्हे, तर वादशास्त्रात सापडते. जाहिरात हा पूर्वपक्ष असेल, तर हे निवेदन उत्तरपक्ष आहे. पूर्वपक्षाशिवाय उत्तरपक्ष उभा राहत नाही, आणि येथेच त्याची शक्ती आणि त्याची मर्यादा दोन्ही आहेत.

मर्यादा लवकरच प्रत्ययास आली. १ एप्रिल १९७० रोजी संमत झालेल्या कायद्याने रेडिओ व दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिरातींना २ जानेवारी १९७१ पासून बंदी झाली. जनहिताचा हा विजय होता, यात शंका नाही. परंतु पूर्वपक्ष पडद्यावरून उठून गेल्याबरोबर उत्तरपक्षाचा हक्कही संपला. धूम्रपानविरोधी निवेदने पुन्हा केंद्रांच्या मर्जीवर गेली आणि त्यांची संख्या रोडावली. तंबाखू-उद्योगाने जाहिरातबंदीला शेवटी फारसा विरोध का केला नाही, याचे एक कारण या हिशेबात असावे, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. आकडेही विचार करायला लावणारे आहेत. अमेरिकेत दर प्रौढ माणशी सिगारेटचा वार्षिक खप १९६७ मधील सुमारे ४,३०० वरून १९७० मध्ये सुमारे ४,००० वर आला होता. बंदीनंतर १९७३ पर्यंत तो पुन्हा काहीसा वाढला. याचे सारे श्रेय वा दोष निवेदनांना देणे अशास्त्रीय होईल. १९६४ च्या सर्जन जनरलच्या अहवालापासून लोकमत बदलत होतेच, आणि तंबाखू-उद्योगाचा पैसा दूरचित्रवाणीवरून अन्य माध्यमांकडे वळला होता. तरीही जाहिराती आणि निवेदने एकत्र असताना खप घटला आणि दोन्ही नसताना तो काही काळ चढला, ही वस्तुस्थिती उत्तरपक्षाच्या सामर्थ्याविषयी काही सांगून जाते.

४

सिगारेटविरोधी निवेदनांचा हक्क संपला तो जानेवारी १९७१ मध्ये. आणि त्याच वर्षी २२ एप्रिल रोजी, वसुंधरा दिनी, कृपेच्या परंपरेतील सर्वांत गाजलेले निवेदन अवतरले. 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' या संस्थेसाठी ॲडव्हर्टायझिंग कौन्सिलच्या साहाय्याने ते केलेले होते. मूलनिवासी वेषातला एक पुरुष होडी वल्हवीत स्वच्छ पाण्यातून कारखान्यांच्या धुराकडे येतो, काठावर उतरतो, धावत्या मोटारीतून कोणी फेकलेला कचरा त्याच्या पायाशी पडतो, आणि त्याच्या गालावरून एक अश्रू ओघळतो. प्रदूषणाचा आरंभ लोक करतात, अंतही लोकच करू शकतात, असा त्याचा समारोप आहे.

रचना म्हणून हे निवेदन निर्दोष म्हणावे इतके बांधेसूद आहे. शब्द थोडे, चित्रांचा क्रम चढता, आणि शेवटचा अश्रू हा साऱ्या आशयाचा बिंदू. परंतु दाराचा प्रश्न विचारताच त्याचे दुसरे रूप दिसू लागते. ही संस्था १९५३ साली स्थापन झाली, ती डबे, बाटल्या व पेये यांच्या उद्योगांच्या पुढाकाराने. परत न घेण्याच्या बाटल्यांवर कायद्याने निर्बंध यावा की नाही, हा त्या काळी राज्याराज्यांतून चर्चिला जाणारा प्रश्न होता. ओरेगन राज्याने १९७१ मध्येच बाटल्यांवर अनामत घेण्याचा कायदा केला. निवेदनात या वादाचा मागमूस नाही. 'लोक' या एका शब्दात बाटली बनविणारा आणि बाटली टाकणारा दोघेही विरघळून जातात, आणि चित्रात मात्र फक्त टाकणाऱ्याचा हात दिसतो. धूर दिसतो, परंतु धुराला मालक नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि त्या पाण्याबरोबर प्रश्नही वाहून जातो.

अश्रू ढाळणारा नट आयर्न आईज कोडी हा मूलनिवासी नसून इटालियन वंशाचा होता, हे पुढे उघड झाले. २०२३ साली या निवेदनाचे हक्क मूलनिवासींच्या राष्ट्रीय संघटनेच्या निधीकडे देण्यात आले आणि त्याचा वापर थांबविण्याचा निर्णय झाला. नटाचे वंशमूळ हा समीक्षेचा मुख्य मुद्दा नव्हे. अभिनय हा अभिनयच असतो. मुद्दा असा, की ज्या समाजाच्या नावाने अश्रू ढाळला गेला त्याला त्या तीस-साठ सेकंदांत बोलू दिले गेले नाही. कृपेच्या दारातून प्रतिमा आत जाऊ शकते. वादी आत जाऊ शकत नाही.

यावरून कृपेचे प्रत्येक निवेदन खोटे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. रक्तदान, लसीकरण, वणव्याविषयीची सावधगिरी अशा विषयांत प्रतिपक्ष जवळजवळ नसतोच, आणि तेथे मित्राचा सूर पुरेसा असतो. १९४४ पासून वणव्याविरुद्ध सावध करणारे 'स्मोकी' हे अस्वल याच परंपरेतले आहे, आणि त्याचे कार्य उपेक्षणीय नाही. परंतु येथेही एक उणीव राहते. काही अरण्यांना लहानसहान आगींची गरज असते, त्या सर्वच दडपल्या तर जळाऊ पाचोळा साठून पुढचा वणवा अधिक भयंकर होतो, हे अरण्यशास्त्रज्ञ दीर्घकाळ सांगत होते. स्मोकीच्या घोषवाक्यातील शब्द २००१ मध्ये बदलला. ज्या निवेदनाला उत्तर देणारा कोणी नसतो, त्याची चूक दुरुस्त होण्यासही इतका काळ लागतो.

५

भारतातील स्थिती या दोहोंहून वेगळी आहे. येथे दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत सुरू झाली, ती शासनाची म्हणून. त्यामुळे निवेदन करणारा आणि दार राखणारा हे दीर्घकाळ एकच होते. खासगी वाहिन्यांच्या आगमनानंतर तिसऱ्या प्रकारचे दार निर्माण झाले, ते आज्ञेचे. २ ऑक्टोबर २०१२ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार तंबाखूसेवनाची दृश्ये असलेल्या चित्रपटांच्या व दूरचित्रवाणी-कार्यक्रमांच्या आरंभी आणि मध्यावर तीस सेकंदांची आरोग्य-निवेदने दाखविणे बंधनकारक झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एका तरुण रुग्णाचे निवेदन त्यामुळे देशभर परिचित झाले.

टॅलमनचे निवेदन आणि हे निवेदन यांत विलक्षण साम्य आहे. दोन्हींत मरणोन्मुख माणूस स्वतः बोलतो. मग दुसऱ्याची चित्रपटगृहात थट्टा का झाली? प्रेक्षकांच्या हृदयशून्यतेवर बोट ठेवणे सोपे आहे, परंतु कारण रचनेच्या स्थानात शोधावे लागेल. आज्ञेचे निवेदन नियत जागी, नियत वेळी, त्याच शब्दांत येते. आणि त्याच्यासमोर पूर्वपक्ष म्हणून जे उभे असते ते कोणाची जाहिरात नसून एखाद्या कथेतले दृश्य असते. ज्या उद्योगाला उत्तर द्यायचे, तो पडद्यावर त्या नावाने हजरच नसतो. परिणामी उत्तरपक्षाची सामग्री असूनही ते निवेदन प्रभुसंमित होते, आणि धन्याच्या पुनःपुन्हा ऐकलेल्या आज्ञेची जी गत होते ती त्याची होते.

यापुढचा टप्पा नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा. उपग्रह-वाहिन्यांनी राष्ट्रीय महत्त्वाच्या व सामाजिक विषयांवर दररोज तीस मिनिटे लोकसेवेचे प्रक्षेपण करावे, असे त्यांत सांगितले आहे. शिक्षण व साक्षरता, शेती व ग्रामविकास, आरोग्य व कुटुंबकल्याण, विज्ञान व तंत्रज्ञान, स्त्रियांचे कल्याण, दुर्बल घटकांचे कल्याण, पर्यावरण व सांस्कृतिक वारसा यांचे रक्षण आणि राष्ट्रीय एकात्मता, असे आठ विषय त्यासाठी दिलेले आहेत. जानेवारी २०२३ च्या सूचनेने हा वेळ सलग असण्याची गरज नाही, तो महिन्याला पंधरा तास असा मोजता येईल, आणि अन्य कार्यक्रमांत गुंफलेला आशयही त्यात धरता येईल, असा खुलासा केला.

या तरतुदीचे स्वागत करतानाच तिचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. तिने वेळ मोजली आहे आणि विषय मोजले आहेत. वक्ता मोजलेला नाही. पंचगंगेच्या काठच्या एखाद्या संस्थेला नदीच्या पाण्याविषयी काही सांगायचे असेल, तर पर्यावरण हा विषय यादीत आहे. परंतु त्या संस्थेला वाहिनीकडे हक्काने मागता येईल असे या तरतुदीत काही नाही. वाहिनी नदीवरचे एक सुंदर गीत दाखवील आणि तिचे कर्तव्य पूर्ण होईल. पाणी कोणामुळे दूषित झाले, हे सांगणारा माणूस दारातच उभा राहील. म्हणजे आज्ञा वरून खाली वाहिनीपर्यंत पोहोचते, आणि वाहिनीपासून पुढे पुन्हा कृपेचेच राज्य सुरू होते.

६

अमेरिकेतही हक्काचे दार फार काळ उघडे राहिले नाही. सामान्य व्यापारी जाहिरातींना उत्तर देण्यासाठी दोन्ही बाजूंचा दंडक लागू करणे आयोगाने १९७४ मध्ये सोडून दिले, आणि १९८७ मध्ये तो दंडकच रद्द केला. कोणता प्रश्न वादग्रस्त हे कोणी ठरवायचे, आणि ते शासनाने ठरविले तर संपादकाचे स्वातंत्र्य कोठे उरते, हे त्यावरचे आक्षेप पोकळ नव्हते. उत्तर देण्याचा हक्क ज्याच्या हाती जातो तोही एक प्रकारचा द्वारपालच होतो, हे मान्य केले पाहिजे.

परंतु समीक्षेला धोरण सुचविण्याचे काम करावयाचे नसून रचनेचे मर्म सांगावयाचे आहे. आणि त्या दृष्टीने हा अल्पजीवी प्रयोग अमूल्य आहे. एकाच माध्यमात, तेवढ्याच सेकंदांत, लोकहिताचे बोलणे उत्तरपक्ष होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. जनहित-निवेदनांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच निवेदन सुटे काढून पाहू नये. त्याच्या आधी कोणती जाहिरात होती, नंतर कोणती आली, ते किती वाजता लागले, वेळ मागून मिळाली की हक्काने, आणि ज्याच्याविषयी ते बोलते तो त्यात बोलतो काय, याची नोंद करावी. मराठी वाहिन्यांच्या एका महिन्याच्या प्रक्षेपणाची अशी नोंद झाली, तर पंधरा तासांच्या हिशेबात लोकांचा आवाज किती आणि लोकांविषयीचा गोडवा किती, हे दिसून येईल. अश्रू किती खरा, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. तो ढाळण्यासाठी कोणाला आत सोडले आणि कोणाला बाहेर थांबविले, हा पहिला आहे.